अंगणवाडी सेविका : बालविकास प्रशिक्षण व साहाय्य (खानदेश)

शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचा सांभाळ, आहार आणि पूर्वप्राथमिक शिक्षण पाहणाऱ्या सेविका व मदतनीस यांना बालविकासासंबंधी मिळणारे प्रशिक्षण, साहित्य आणि देखरेख यांचा विचार या नोंदीत खानदेशापुरता केला आहे. खानदेश म्हणजे येथे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिमेचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. बागलाण, मालेगाव आणि बुऱ्हाणपूर भाषेने जवळचे असले तरी त्यांचा कारभार निराळा असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ च्या सरकारी योजनेबरोबर आला, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. गावातल्या मध्यवर्ती बालवाडीत वस्तीवरची गरीब मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगण-बालवाडी’ हे नाव या प्रयोगाचे. हे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर हलले. मधला ‘बाल’ गळून ‘अंगणवाडी’ उरली, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. योजनेने रुळलेला शब्द उचलला, घडवला नाही. ‘वाडी’ या पदाबद्दलही दोन मते संभवतात. एक अर्थ वस्तीचा, दुसरा बागेचा. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या शाळेला ‘मुलांची बाग’ या अर्थाचे जर्मन नाव दिले होते, ते ध्यानात घेता ‘बालवाडी’तली वाडी बागेची असावी. सातपुड्यात वस्तीला ‘पाडा’ म्हणतात, त्यामुळे वस्तीचा अर्थ तेथे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अहिराणी या खानदेशच्या भाषेत (हिलाच खानदेशीही म्हणतात) ‘ण’चा ‘न’ होत असल्याने उच्चार ‘आंगनवाडी’ असा होतो, आणि जुनी माणसे आजही तिला सरळ बालवाडी म्हणतात.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. मुंबईतील धारावी व मेळघाटातील धारणी हे महाराष्ट्रातील आरंभीचे प्रकल्प. पूरक आहार, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, आरोग्य व आहार शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा या सहा सेवांपैकी आहाराने बाकीच्यांना मागे टाकले, हे निरीक्षण खानदेशालाही लागू पडते. सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत केंद्रे पोहोचण्याच्या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६ चा आदेश महत्त्वाचा होय. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत व केंद्र नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असे त्यात म्हटले होते.

प्रशिक्षण : सेविकेच्या मूळ प्रशिक्षणाचा कालावधी पूर्वी महिन्यांत मोजत, नंतर तो कामाच्या २६ दिवसांवर आला. १९९९ च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘उदिशा’ हा प्रशिक्षण प्रकल्प राबवला गेला. ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानात वर्गातल्या दीर्घ प्रशिक्षणाऐवजी बीटच्या (एका मुख्यसेविकेकडील अंगणवाड्यांच्या गटाच्या) मासिक बैठकीत थोडे थोडे शिकवण्याची पद्धत आली. तिचे २१ भाग आहेत. शिकवते मुख्यसेविका (पर्यवेक्षिका), जिच्याकडे साधारण २५ अंगणवाड्या असतात. त्याच बैठकीत टीएचआरचा (घरी न्यायच्या आहाराचा) हिशेब, नोंदवह्या आणि आधारच्या त्रुटीही निघतात. अशा बैठकीत बालविकासाचा भाग शेवटी येतो आणि घाईत उरकतो, हे तेथे बसलेल्या कोणालाही ठाऊक असते.

तीन ते सहा वयोगटासाठी राज्यात ‘आकार’ हा अभ्यासक्रम आहे. शून्य ते तीनसाठी ‘आरंभ’ हा कार्यक्रम युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या साहाय्याने प्रथम औरंगाबाद व यवतमाळ येथे आकारास आला. गृहभेट आणि पालक मेळावा ही त्याची दोन अंगे. केंद्र शासनाने मे २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ सुरू केले आणि २०२४ मध्ये ‘नवचेतना’ (जन्म ते तीन वर्षे) व ‘आधारशिला’ (तीन ते सहा वर्षे) ही दोन चौकट-पुस्तके दिली. ‘नवचेतना’ ३६ महिन्यांच्या क्रमाने, तर ‘आधारशिला’ ४८ आठवड्यांच्या हिशेबाने रचलेली आहे. आठवड्यांचा हा हिशेब नंदुरबारच्या दुर्गम तालुक्यांत बसवणे कठीण जाते, कारण तेथील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात आणि होळीच्या सुमारास परततात. मधले आठवडे त्या मुलांच्या वाट्याला येत नाहीत.

भाषा : खानदेशातील साहाय्याचा खरा प्रश्न भाषेचा आहे आणि प्रशिक्षण-साहित्यात त्याला सर्वांत कमी जागा मिळाली आहे. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (१९०७) खानदेशी भिल्ल भाषांबरोबर, गुजरातीच्या कक्षेत ठेवली. मराठी अभ्यासकांचा एक मोठा गट अहिराणीला मराठीची बोली मानतो. ‘शे’ हे क्रियापद आणि ‘ना-नी-नं’ ही षष्ठी पाहता ग्रियर्सनचे म्हणणे सहज बाजूला सारता येत नाही. मात्र शब्दसंग्रह मराठीशी इतका एकजीव आहे की वाद केवळ व्याकरणावर मिटणारा नव्हे. २०११ च्या जनगणनेत खानदेशीची नोंद स्वतंत्र भाषा म्हणून असून तिचे भाषक सुमारे १८.६ लाख आहेत. याखेरीज रावेर-यावल पट्ट्यात लेवा गणबोली (लेवा पाटीदार समाजाची बोली), धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची आणि अक्कलकुव्याकडे वसावी भिली आहे.

अंगणवाडीत या वादाला व्यावहारिक रूप येते. अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा तो डोया, केळी ती केयी, शाळा ती शाया. दोन वर्षांचे मूल विचारल्यावर अवयव दाखवते व त्यांची नावे सांगते का, हे विकासाच्या तपासणीत पाहतात. सेविका विचारते, ‘तुना डोया कोठे शे?’ मूल बोट डोळ्याला लावते आणि ‘डोया’ म्हणते. गावातली सेविका बरोबरची खूण करते. बाहेरून आलेली पर्यवेक्षिका ‘उच्चार अस्पष्ट’ असे लिहून जाऊ शकते. यात मुलाची वाढ खुंटलेली नसते, मोजपट्टी परकी असते. उलटही घडते : बोलीच्या नावाखाली खरा वाचादोष किंवा ऐकण्यातला दोष निसटतो. दोन्ही चुका टाळायला सेविकेच्या हाती बोलीतील शब्दांची साधी यादी पुरेशी ठरावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेचा आग्रह धरला आहे. धडगावच्या पाड्यावर मात्र प्रमाण मराठी हीच मुलाची दुसरी भाषा असते.

मौखिक साहित्य विपुल आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी, भाद्रपद-आश्विनातील गुलाबाईची गाणी, कानबाई या देवीच्या रोटाची (उत्सवाची) धामधूम, पोळ्याला मुलांनी केलेले मातीचे बैल यांतून भाषा, ताल आणि हाताचे कौशल्य हे सारे येते. चिंचोके, सरकी व केळीचे सोपट मोजायला आणि खेळायला घरोघर सापडतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती, तरी गणबोलीतल्या कवितेने त्या महाराष्ट्राला ठाऊक झाल्या. ओव्या-गाण्यांचे हे भांडार प्रशिक्षणात ‘स्थानिक साहित्य वापरावे’ एवढ्या एका ओळीत आटोपते.

साधने व मोबदला : वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी आणि दंडघेराची तिरंगी पट्टी ही सेविकेची नेहमीची साधने. दंडघेर ११.५ सेंमी.च्या खाली गेल्यास मूल तीव्र कुपोषित (सॅम), ११.५ ते १२.५ सेंमी. असल्यास मध्यम कुपोषित (मॅम) धरतात. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नोंदींचे मोबाइल ॲप आले. त्याची इंग्रजी भाषा आणि निकृष्ट मोबाइल संच यांवरून राज्यभर सेविकांनी त्याच वर्षी संच परत केले. भाषेचा प्रश्न मुलांपुरता नाही, हे त्यातून दिसले. केंद्राचे मानधन ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेस ४,५०० व मदतनीसास २,२५० रुपये असून राज्य त्यात आपली भर घालते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघीही उपदान कायदा, १९७२ नुसार ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्णय दिला.

नर्मदेच्या बुडितक्षेत्रातील अनेक पाड्यांना रस्ता नाही. २०२० च्या टाळेबंदीत आदिवासी माता केंद्रावर येईनाशा झाल्या, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातील एक सेविका होडी वल्हवत त्यांच्या पाड्यांवर जाऊन बालकांची वजने घेत व आहार पोहोचवत असल्याची वृत्ते आली होती. अशा भेटींसाठी प्रशिक्षणात निराळा भाग नाही.

जळगाव, भुसावळ, धुळे येथील खाजगी पाळणाघरे बहुधा घरगुती स्वरूपाची आहेत. २०२२ पासूनच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे.