उत्तर येतं, पण वेळेवर येत नाही

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारतात, 'व्हाय इज ॲमीटर कनेक्टेड इन सीरिज?' मुलाला उत्तर येतं, जर्नलमध्ये त्याने ते स्वतःच्या हाताने लिहिलंय. तरी इंग्रजीत बोलायची वेळ आली की तो मान खाली घालतो आणि सर पुढच्या प्रश्नाकडे वळतात. खरं तर 'सेम करंट' एवढे दोन शब्दही चालून गेले असते.

यावर ठरलेलं निदान म्हणजे 'ग्रामर कच्चं आहे' किंवा 'कॉन्फिडन्स नाही'. पण महाराष्ट्रात मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे कॉलेजात येईपर्यंत बारा वर्षं झालेली असतात. सेमी इंग्लिशची मुलं तर 'व्हेलॉसिटी', 'रेझिस्टन्स' सहज बोलतात. अडतं ते या नामांना जोडणाऱ्या वाक्यापाशी. वर्गात संज्ञा इंग्रजीत आणि समजावणं मराठीत चालतं, त्यामुळे पूर्ण वाक्य कानावर पडतं, डोळ्यांखालून जातं, पण तोंडातून कधी निघालेलंच नसतं.

बोलणं हा आधी वेळेचा खेळ आहे. संशोधक तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांतल्या गप्पा मोजल्या. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. उलट, चित्र बघून त्यातल्या वस्तूचं नाव उच्चारायला मातृभाषेतही साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. परक्या भाषेत सगळं लक्ष प्रश्न समजून घेण्यातच खर्च होतं, शब्दही उशिरा सापडतात. तोवर दुसरा कुणीतरी बोलून मोकळा होतो. ग्रुप डिस्कशनमध्ये हे सर्रास दिसतं.

त्यात मराठीतून भाषांतर करायची सवय. 'आम्ही ॲमीटर सर्किटमध्ये सीरिजमध्ये जोडला' यात क्रियापद शेवटी, तर इंग्रजीत 'वुई' म्हटल्याबरोबर 'कनेक्टेड' हवं. म्हणजे अख्खं मराठी वाक्य डोक्यात धरून त्याचं शेपूट पुढे आणायचं. शिवाय 'अ' की 'द' हा प्रश्न, जो मराठीत पडतच नाही. 'डिड'नंतर 'कनेक्ट' की 'कनेक्टेड', हा आणखी एक. काम करणाऱ्या स्मृतीत (वर्किंग मेमरीत, म्हणजे त्या क्षणी डोक्यात धरलेल्या गोष्टींच्या जागेत) एका वेळी चारेक गोष्टीच मावतात, आणि त्यातली एक जागा भीतीने आधीच अडवलेली असते. संशोधक एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली परकी भाषा बोलण्याची ही भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली बनवली. मी बोललो की वर्गातली मुलं हसतील, या अर्थाचं विधान तिच्यात आहे. आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे: चुकलं तर हसतात, आणि बरोबर बोललं तर 'शायनिंग मारतोय' म्हणतात.

म्हणून 'बिनधास्त बोला' या सल्ल्याचा फारसा उपयोग नाही. डोक्यावरचा भार कमी करावा लागतो. त्यासाठी भाषा-अध्यापनातले तज्ज्ञ पॉल नेशन यांनी रुजवलेला ४-३-२ हा सराव फार कामाचा आहे. वीस जणांच्या बॅचमध्ये समोरासमोर दहा-दहाच्या दोन रांगा करा. एका रांगेने आपल्या माहितीच्या विषयावर, समजा मिनी प्रोजेक्टवर, चार मिनिटं बोलायचं. मग बोलणाऱ्यांनी एक जागा सरकून नव्या श्रोत्याला तेच तीन मिनिटांत सांगायचं, पुन्हा सरकून दोन मिनिटांत. मग भूमिका बदलायच्या. सगळं मिळून पंचवीस मिनिटांत उरकतं. चार मिनिटं जड गेली तर ३-२-१ करा.

हा सराव फसतो तो ठरावीक कारणांनी. श्रोता तोच ठेवला की बोलणारा दुसऱ्या खेपेला कंटाळून अर्धं गाळतो. विषय नवा दिला की मुलं भाषेऐवजी मुद्दे शोधत बसतात. हातात कागद असला की वाचन सुरू होतं. आणि श्रोत्याने मध्येच चूक काढली की बोलणारा पुन्हा 'अ' की 'द'मध्ये अडकतो. विषय तोच ठेवणं मात्र महत्त्वाचं आहे. संशोधक नेल द याँग आणि चार्ल्स परफेटी यांच्या २०११ सालच्या अभ्यासात तेच भाषण पुन्हापुन्हा करणाऱ्यांचा ओघ नव्या विषयावर बोलतानाही टिकला. प्रत्येक फेरीत विषय बदलणाऱ्यांचा टिकला नाही. यात एक गोम आहे: वाक्यांबरोबर चुकाही घोटल्या जातात. म्हणून चार मिनिटांच्या फेरीनंतर शिक्षकांनी कुणाचं नाव न घेता दोन-तीन सामाईक चुका फळ्यावर दुरुस्त कराव्यात आणि मग पुढची फेरी घ्यावी.

शिक्षकांसाठी याहून स्वस्त उपाय म्हणजे थांबणं. अमेरिकी शाळांतल्या विज्ञानाच्या वर्गांत संशोधक मेरी बड रो यांना आढळलं की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि अधिक मुलं बोलू लागली. व्हायवात हे सेकंद विद्यार्थी स्वतःही मिळवू शकतो. 'सर, कुड यू रिपीट द क्वेश्चन?' किंवा 'यू मीन, व्हाय इन सीरिज?' अशी तीन-चार वाक्यं इतकी तोंडात बसलेली हवीत की म्हणताना विचार करावा लागू नये. पाठ करायचंच असेल तर अख्खी उत्तरं नको, ही वाक्यं करा. पाठ केलेल्या उत्तराचा मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळंच जातं, आणि एक्स्टर्नलनी प्रश्न जरा फिरवून विचारला की त्याचा उपयोगही राहत नाही.