कळपातलं कुठलं डुक्कर किती खातं, हा हिशोब सुरू कसा झाला

दहा-बारा डुकरं एका खोलीत, खाद्याची डोणी एक, मग त्यातल्या कुणी किती खाल्लं हे कळणार कसं? आता कानातल्या चिपवरून कळतं, पण मुळात हे मोजायची गरज कुणाला पडली ते बघायला डेन्मार्कमधे जावं लागतं.

१८८७ मधे जर्मनीने जिवंत डुकरांची आयात बंद केली आणि डॅनिश शेतकऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक गेलं, मग त्याच वर्षी त्यांनी होर्सेन्सला सहकारी कत्तलखाना काढला आणि इंग्लंडला बेकन (डुकराचं खारवलेलं मांस) पाठवायला लागले (आपल्याकडे सहकार म्हटलं की ऊस, तिकडे डुक्कर!). सहकारी डेअरीत लोणी काढून उरलेलं स्किम दूध शेतकऱ्याला परत मिळायचं, ते डुकरांच्या पोटात. बेकन एकसारखं हवं तर जातही तशी हवी, म्हणून १९०७ पासून चाचणी केंद्रं निघाली. एका वेतातली चार पिल्लं एकत्र ठेवायची, खाद्य तोलून द्यायचं, किती किलो खाद्यात किलोभर वजन वाढलं ते लिहायचं. पण हिशोब चौघांचा मिळून, त्यातला खादाड कोण ते कळायचं नाही.

मग एकेकाला वेगळं ठेवून झालं. आकडे छान मिळाले, पण एकटं डुक्कर दिवसभर येऊन जाऊन थोडं थोडं खातं आणि कळपातलं मात्र कमी वेळा येतं, एका बैठकीत जास्त आणि भराभर हाणतं, तरी दिवसाचं एकूण खाणं कमीच भरतं. त्यामुळे एकट्यात पहिला आलेला नर निवडला तरी त्याची पिल्लं गर्दीत तशीच वाढतील याची खात्री काय?

इलेक्ट्रॉनिक फीडरने ही अडचण बरीच सोडवली. एका वेळी एकच डुक्कर आत, कानातला टॅग वाचला जातो, खाण्याआधी आणि नंतर डोणीचं वजन होतं, झालं. दांडगे पुढे घुसतात आणि दुबळ्यांवर आडवेळी खायची पाळी येते, हेही त्या नोंदीत दिसतं.

२००८ मधे डच संशोधकांनी याच्याही पुढचं दाखवलं, की डुकराची वाढ सोबत्यांच्या आनुवंशिक गुणांवरही ठरते, आणि निवड करून जेवढा फरक पाडता येईल त्यातला मोठा वाटा या सोबत्यांवरच्या परिणामाचा असतो. नंतर नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात, ज्यांच्यामुळे सोबती चांगले वाढतील असा अंदाज होता अशी डुकरं मुद्दाम पैदा करून बघितली, तर ती एकमेकांचे कान कमी चावत होती आणि खेळायला टांगलेलं गोणपाटही कमी कुरतडत होती.