चालू मशीन भंगारात का? जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट तोडायची जुनी गोष्ट

सांगलीत मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात, विटा-तासगावकडच्या सोसायट्यांत, कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्यांकडे अजून इंटेलच्या चौथ्या-सहाव्या जनरेशनचे (पिढीचे) आय-थ्री प्रोसेसर व्यवस्थित चालतायत, टॅली उघडते, बिलं निघतात, आणि तरी १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ह्या मशीनला नाही म्हणतंय. हे पहिल्यांदा होत नाहीये, पण आधी व्हायचं ते वेगळं होतं.

इंटेलचा ३८६ प्रोसेसर आला १९८५ ला. मग १९८९ च्या ४८६ मध्ये एक नवी सूचना (प्रोसेसरला कळणारा हुकूम, इन्स्ट्रक्शन) आली, मेमरीतली व्हॅल्यू तपासायची आणि जुळली तर तिथल्या तिथं बदलायची, मध्ये दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. आजची सिस्टीम ह्यावर उभी आहे. ३८६ ला ती येत नाही म्हणून लिनक्स ह्या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांना कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, त्याच्यासाठी वेगळा कोड वर्षानुवर्षं सांभाळत बसावं लागलं, शेवटी डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलवर काम करणाऱ्या इंगो मोल्नारने तो काढायचा पॅच (कोडमधला बदल) दिला आणि लिनस टोरवाल्ड्सने घेतलाही, ज्याने स्वतः १९९१ मध्ये लिनक्स ३८६ वरच लिहिलं होतं. म्हणजे चिप आल्यावर २७ वर्षांनी!

विंडोजमध्येही तसंच. विंडोज एनटी ४ ला १९९६ मध्येच ३८६ चालेना. विंडोज ८ ने २०१२ मध्ये एसएसई-टू आणि एनएक्स सक्तीचं केलं, एसएसई-टू म्हणजे प्रोसेसरमधल्या जादा सूचनांचा संच, एनएक्स म्हणजे डेटाच्या जागेतून कोड चालू न देणारी सोय, व्हायरसला मोठा अडसर, त्यामुळे ते मला पटतं. २०१८ मध्ये मात्र विंडोज ७ च्या अपडेटनेच पेंटियम थ्रीवाली मशीनं क्रॅश व्हायला लागली, कारण त्यात एसएसई-टू नाही, आणि दुरुस्ती येईल म्हणता म्हणता शेवटी मशीन बदला असं उत्तर आलं.

विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (किल्ल्या-पासवर्ड सुरक्षित ठेवणारी चिप) पाहिजे. कारण दिलं सिक्युरिटीचं, आणि ते खोटं नाही, कर्नलच्या मेमरीची राखण करायला हार्डवेअरची मदत लागते नाहीतर मशीन स्लो होतं. पण ती मदत सातव्या जनरेशनमध्येही आहे की! तरी त्यातले मोजकेच प्रोसेसर घेतले, आणि त्यातला एक मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ ह्या कॉम्प्युटरमधला. २०१७ ला घेतलेलं मशीन पाच वर्षंही झाली नव्हती तेव्हा यादीबाहेर. इथं सूचना नाही म्हणून अडलेलं नाही, रेघ कंपनीने ओढली, आणि ती फार अलीकडे ओढली असं माझं स्पष्ट मत आहे.

लिनक्स टाका म्हणणारे बरोबरच आहेत, डेबियन १३ हे लिनक्स आजही २००६ च्या कोअर टू ड्युओवर बसतं, त्याहून जुन्या ३२ बिट प्रोसेसरवाल्यांना मात्र त्यात आता इन्स्टॉलर नाही. पण अडतवाल्याची टॅली विंडोजचीच, टायपिंगवाल्याची श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) विंडोजचीच. त्यांनी विंडोज १० चे ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे जादा सिक्युरिटी अपडेट चालू करून घ्यावेत आणि तोवर डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर ठेवावा.