अतुओनाच्या टेकडीवरील गोगँचे थडगे

दक्षिण पॅसिफिकमधील मार्केसास द्वीपसमूहात हिवा ओआ नावाचे बेट आहे. तेथील अतुओना गावाच्या वर, टेकडीवरील कॅथलिक दफनभूमीत फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ याचे थडगे आहे. ज्या मिशनशी तो अखेरपर्यंत भांडला, त्याच मिशनच्या जमिनीत त्याला चिरविश्रांती मिळाली. हे कसे घडले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

1848 मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेल्या गोगँचे बालपण पेरूमध्ये गेले. पुढे तो शेअर दलालीच्या व्यवसायात स्थिरावला. परंतु 1882 मध्ये बाजार कोसळल्यानंतर त्याने चित्रकलेलाच वाहून घेतले. पत्नी आणि पाच मुलांपासून दुरावलेला हा माणूस 1891 मध्ये ताहितीला पोहोचला, तेव्हा त्या बेटावर फ्रेंच वसाहतीची सत्ता येऊन 11 वर्षे झाली होती. युरोपचा स्पर्श न झालेले जे जग तो शोधत होता, ते तेथे उरलेच नव्हते, आणि म्हणून त्याच्या चित्रांतील ताहिती बरेचसे त्याने स्वतः रचलेले आहे, असे मला वाटते. 1897-98 मध्ये रंगवलेल्या, ‘आपण कोठून आलो? आपण कोण आहोत? आपण कोठे चाललो आहोत?’ या पावणेचार मीटर रुंदीच्या चित्रात ते जग सर्वांत भव्य रूपात दिसते.

1901 मध्ये तो अतुओनाला आला आणि मिशनकडूनच जमीन विकत घेऊन त्याने घर बांधले. लवकरच त्याचे बिशपशी आणि पोलिसांशी खटके उडू लागले, कारण स्थानिकांनी कर भरू नये आणि मुलांना मिशनच्या शाळेत पाठवू नये, असे तो सांगत असे. मात्र त्याच शाळेतून बाहेर काढलेली 14 वर्षांची मुलगी त्याने स्वतःच्या घरात आणून ठेवली होती. त्याच्या बंडाचा विचार करताना हे झाकून ठेवणे अन्यायाचे होईल.

मार्च 1903 मध्ये एका पोलिसाच्या बदनामीबद्दल त्याला तीन महिन्यांचा तुरुंगवास आणि 500 फ्रँक दंड झाला. शिक्षा भोगण्यापूर्वीच, 8 मे रोजी, तो मरण पावला. शेजारी तिओका याने मार्केसासच्या रीतीप्रमाणे त्याच्या डोक्याला चावा घेऊन प्राण परत येतात का ते पाहिले. दुसऱ्याच दिवशी मिशनने दफन उरकले, आणि मागे राहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला.

‘ओविरी’, म्हणजे ‘रानटी’, हे आपले मातीचे शिल्प थडग्यावर असावे, अशी त्याची इच्छा होती. त्या शिल्पाची कांस्य प्रतिकृती तेथे 1973 मध्ये बसवण्यात आली. मूळ शिल्प पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.