परावर्तनाधारित सिरियलायझेशन

परावर्तनाधारित सिरियलायझेशन : ऑब्जेक्टमध्ये (माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र ठेवणाऱ्या घटकात) कोणते गुणधर्म आहेत हे चालू प्रोग्रामनेच शोधायचे, त्यांची मूल्ये वाचायची आणि बाइटांच्या किंवा मजकुराच्या सलग रूपात उतरवायची, ही मेटाप्रोग्रामिंगमधील, म्हणजे प्रोग्रामवरच काम करणाऱ्या प्रोग्रामांच्या तंत्रातील पद्धत. सिरियलायझेशनला मराठीत ‘क्रमिकीकरण’ म्हणता येईल. प्रत्येक क्लाससाठी (ऑब्जेक्टच्या नमुन्यासाठी) वेगळा कोड लिहावा लागत नाही, हा तिचा मुख्य लाभ.

परावर्तनाच्या, म्हणजे प्रोग्रामने स्वतःची रचना तपासण्याच्या वा बदलण्याच्या, कल्पनेचे श्रेय सहसा ब्रायन कँटवेल स्मिथ यांना दिले जाते. एमआयटीतील १९८२ च्या प्रबंधात त्यांनी ती ३-लिस्प या भाषेतून मांडली. पॅटी मेस यांनी १९८७ मध्ये तिला ऑब्जेक्टप्रधान रूप दिले. मात्र या दोघांचा भर प्रोग्रामने स्वतःचे वर्तन बदलण्यावर होता. गुणधर्म वाचायला एवढे लागत नाही, नुसते अंतर्निरीक्षण, म्हणजे काही न बदलता आत पाहणे, पुरते. म्हणून प्रस्तुत पद्धतीची मुळे स्मॉलटॉक-८० या भाषेत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे ‘इन्स्टव्हारअ‍ॅट’ हा संदेश क्रमांकावरून आतील चल वाचतो, आणि ‘स्टोअरऑन’ त्याच माहितीवरून ऑब्जेक्ट पुन्हा घडवणारी विधाने लिहून देतो. परस्परांकडे निर्देश करणाऱ्या ऑब्जेक्टांपुढे मात्र तो अडतो, कारण लिहिणे संपतच नाही. पुढच्या प्रणालींनी आधी लिहिलेल्या ऑब्जेक्टांची नोंद ठेवून ही अडचण सोडवली.

याउलट हर्लिही व लिस्कॉव्ह यांनी १९८२ मध्येच सीएलयू भाषेसाठी सुचवले, की अमूर्त प्रकाराचे (आतील रचना लपवणाऱ्या माहितीप्रकाराचे) बाह्य रूप त्या प्रकाराच्या कर्त्यानेच ठरवावे. आतील रचना थेट वाचावी की बाह्य रूप कर्त्याने ठरवावे, हा वाद आजही जिवंत आहे. जावातील जीसन ही लायब्ररी थेट फील्ड (ऑब्जेक्टमधील मूल्याची जागा) वाचते, तर जॅक्सन ही लायब्ररी मुळात गेटर मेथड (मूल्य परत देणारी क्रिया) पाहते. त्यामुळे एकाच क्लासचे दोन वेगळे जेसन (मजकूररूपातील नोंदी) मिळू शकतात. फील्ड वाचली की खासगी रचनाच बाहेरचा करार बनते आणि नाव बदलताच जुन्या फाइली वाचता येईनाशा होतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या माहितीसाठी लिस्कॉव्ह यांची बाजू भक्कम ठरते.

जावात परावर्तन व सिरियलायझेशन दोन्ही १.१ आवृत्तीत, १९९७ मध्ये आली. ‘ट्रान्झियंट’ म्हटलेली फील्ड वगळली जाते. पायथनमध्ये बहुतेक ऑब्जेक्टांची मूल्ये ‘डिक्ट’ नावाच्या कोशात असतात, पण तो वाचून काम भागेलच असे नाही. प्रॉपर्टी (गुणधर्मासारखी वाचली जाणारी मेथड) तेथे दिसत नाही, कारण ती क्लासवर असते. ‘स्लॉट्स’ (गुणधर्मांची आधीच ठरवलेली यादी) वापरलेल्या क्लासच्या ऑब्जेक्टला सहसा तो कोशच नसतो. दोन अधोरेषांनी सुरू होणाऱ्या नावाच्या सुरुवातीला क्लासचे नाव जोडले जाते. म्हणजे क्लासचे नाव बदलले तरी साठवलेली किल्ली बदलते. रूबी भाषेत मूल्य वाचण्याचे हे काम ‘इन्स्टन्स व्हेरिएबल गेट’ करते.

प्रोग्राम धावताना वाचण्याऐवजी संकलनाच्या (कंपायलेशनच्या) वेळीच कोड तयार करण्याकडेही कल आहे. रस्ट भाषेतील सर्डे ही लायब्ररी अशीच चालते, आणि सी++ भाषेच्या सी++२६ या आवृत्तीच्या मसुद्यात संकलनकालीन परावर्तन जून २०२५ मध्ये स्वीकारले गेले.

उलट प्रवास, म्हणजे साठवलेल्या रूपातून ऑब्जेक्ट पुन्हा घडवणे, अधिक धोक्याचा. पिकल (शब्दशः लोणचे) या पायथनच्या सिरियलायझेशन रूपातील माहिती उघडताना आतील कोड चालू शकतो. म्हणून अविश्वसनीय स्रोताकडून आलेला पिकल उघडू नये, असे त्याच्या अधिकृत दस्तऐवजातच बजावले आहे.