उसन्या दर्जाचा पोशाख: चिनी वधूवरांच्या लग्नवेशाची पार्श्वभूमी

चीनमध्ये लग्नाचे कपडे विकणाऱ्या किंवा भाड्याने देणाऱ्या दुकानात आज 'पारंपरिक' म्हणून वधूपुढे साधारण चार प्रकार ठेवले जातात. मिंग राजघराण्याच्या काळातल्या धाटणीचा झगा आणि मुकुट, सोन्याचांदीच्या जरीने गच्च भरलेला कँटोनी क्वान-क्वा, मोकळ्या बाह्यांचा शिउहफू आणि अंगासरशी बसणारा छीपाओ. चारही बहुधा लाल, त्यामुळे एकाच परंपरेची ही चार रूपं असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्यात शतकांचं अंतर आहे आणि एक तर चक्क टीव्ही मालिकेतून आलेला आहे. त्यांना जोडणारा धागा मला रंगापेक्षा दर्जाचा वाटतो. एका दिवसापुरता आपल्याहून वरच्या माणसाचा वेश घालायचा, ही त्यामागची जुनी रीत.

या रीतीला आधारही फार जुना आहे. चौ या प्राचीन राजघराण्याच्या काळातले विधी सांगणाऱ्या 'ई ली' या ग्रंथात 'शी' या कनिष्ठ सरदारवर्गातल्या वराचं लग्न वर्णिलं आहे. तो आपल्याकडचा सर्वांत मानाचा पोशाख घालतो आणि काळ्या रथातून वधूला आणायला जातो. हा रथ खरं तर त्याच्या वरच्या पायरीवरच्या अधिकाऱ्याचा. दुसऱ्या शतकातला भाष्यकार चंग श्वान याने त्यावर खुलासा केला आहे, की लग्नात असा मोठेपणा मिरवायची मुभा असते. कपडे मात्र आजच्या मानाने उदासच म्हणायचे. वराचा अंगरखा काळा आणि खालचं वस्त्र तांबूस, तर वधूच्या काळ्या झग्याला तांबडी किनार. लग्न तिन्हीसांजेला लागायचं, तेही वाद्यांशिवाय.

थांग काळात (618–907) वर तांबड्या दरबारी झग्यात आणि वधू हिरव्या-निळ्या छटेच्या वेशात असे. म्हणजे 'चिनी वधू लालच' हा नियम तेव्हा नव्हता.

खरी गंमत मिंग काळात (1368–1644) आहे. पहिला मिंग सम्राट हुंगवू याने कुणी काय नेसावं याचे बारीकसारीक नियम घालून दिले. सामान्य बायकांना जांभळा, हिरवा, गुलाबी आणि फिके रंग चालत. गडद लाल, काळपट निळा आणि पिवळा वर्ज्य. लग्नापुरती मात्र ढील होती. साध्या घरातल्या वराला नवव्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या सरकारी अधिकाऱ्याचा पोशाख घालायची परवानगी मिळाली. पंख लावल्यासारखी काळी टोपी, गोल गळ्याचा झगा, कमरेला पट्टा. नियमाने या श्रेणीचा झगा हिरवा. पण लोक एकदा साहेब व्हायला निघाले की नवव्या पायरीवर कशाला थांबतील? नवरे सर्रास लाल झग्यात दिसू लागले.

वधूने घेतली ती 'फंगक्वान' आणि 'श्यापेइ' ही जोडी. फंगक्वान म्हणजे फिनिक्स पक्ष्यांचा मुकुट आणि श्यापेइ म्हणजे मानेवरून पुढे सोडलेला नक्षीदार लांब पट्टा. काटेकोर बघितलं तर फिनिक्स राजघराण्यातल्या स्त्रियांचा. अधिकाऱ्यांच्या बायकांनी तितराच्या जातीचा पक्षी लावायचा. खरे राजमुकुट कसे होते ते 1956 ते 1958 दरम्यान बीजिंगजवळच्या तिंगलिंग या मिंग सम्राट वानलीच्या थडग्याचं उत्खनन झालं तेव्हा कळलं. तिथे चार मुकुट मिळाले. हजारो मोती, माणकं, नीलम आणि खंड्या पक्ष्याची निळी पिसं कापून चिकटवलेली नक्षी असलेले हे मुकुट दोन किलोंहून जड भरतात. सामान्य वधूच्या डोक्यावर त्याची स्वस्त नक्कल असायची. हा अधिकार तिला मिळाला कसा, याची एक लोककथा चच्यांग प्रांतात सांगतात. पळून चाललेल्या, मिंगांच्या आधीच्या सुंग घराण्यातल्या राजपुत्राला एका गावच्या मुलीने लपवलं आणि गादीवर आल्यावर त्याने तिथल्या सगळ्या वधूंना राजस्त्रीचा मान दिला. इतिहास म्हणून ती टिकणार नाही, पण मुकुट उसना आहे हे लोकांना पक्कं ठाऊक होतं, एवढं त्यातून कळतं.

1644 मध्ये ईशान्येकडचे मांचू सत्तेवर आले, त्यांचं छिंग घराणं गादीवर बसलं आणि पुढच्याच वर्षी पुरुषांवर डोक्याचा पुढचा भाग भादरून वेणी ठेवण्याची सक्ती झाली. पोशाखही मांचू घालायचा. बायकांवर मात्र तेवढी सक्ती झाली नाही. 'पुरुष शरण गेले, बायका नाही' असं लोक म्हणत. त्यामुळे छिंग काळातल्या हान, म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांच्या लग्नात एक विचित्र जोडी उभी राहिली. वधू मिंग परंपरेतल्या वरच्या झब्ब्यात आणि लाल घागऱ्यात, वर मांचू लांब झग्यात. श्यापेइचा पट्टा आता रुंद होऊन झालरीचं बिनबाह्यांचं जाकीट झाला आणि त्यावर अधिकाऱ्याची श्रेणी दाखवणारा भरतकामाचा चौकोन आला. लाल घागरा मुख्य पत्नीचा. रखेलीला तो निषिद्ध.

1912 मध्ये प्रजासत्ताक आलं आणि उसने घ्यायला दरबारच उरला नाही. मग रुबाब दुसरीकडून आणला गेला. 1 डिसेंबर 1927 रोजी शांघायमध्ये राष्ट्रवादी नेता च्यांग कै-शेक आणि सुंग मेइ-लिंग यांचं लग्न झालं तेव्हा वर पाश्चात्त्य टेलकोटात होता आणि वधू पांढऱ्या गाउनमध्ये. पांढरा हा तिथे सुतकाचा रंग, तरीही शहरांनी तो घेतला. 1935 मध्ये शांघाय महापालिकेने सामुदायिक विवाह सुरू केले. पहिल्या खेपेला 57 जोडपी होती. वर निळा लांब झगा आणि त्यावर काळा मा-ग्वा हे जाकीट घालून, वधू छीपाओवर पांढरी ओढणी घेऊन.

1949 मध्ये साम्यवादी सत्तेवर आले, त्यानंतरच्या दशकांत दिमाखाचा अर्थच बदलला. कापड 1954 ते 1983 कुपनवर मिळत होतं. जोडपी कार्यकर्त्यांच्या बंद गळ्याच्या कोटात आणि माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (1966–76) लष्करी हिरव्या गणवेशात लग्न करत. याला परंपरा तुटली असं म्हणतात. मला तसं पूर्ण वाटत नाही, कारण त्या काळातला सर्वांत प्रतिष्ठित माणूस गणवेशातलाच होता.

हाँगकाँगमध्ये वेगळंच चाललं होतं. तिथे क्वान-क्वा टिकला. समोर बटणं असलेलं वरचं जाकीट आणि सरळ घागरा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाकीट काळं आणि घागरा लाल अशी पद्धत होती. अख्खा लाल जोड नंतर रूढ झाला आणि काळा आता वधूवरांच्या आयांकडे गेला. त्याची किंमत भरतकाम किती दाट यावर ठरते. 'छोटे पाच भाग्य', 'मोठे पाच भाग्य' अशा पायऱ्या चढत वर 'क्वा राणी' आणि शेवटी 'क्वा सम्राट'. सम्राटात जरीखालून लाल रेशीम जवळजवळ दिसतच नाही. दरबार जाऊन शतक उलटलं, तरी श्रेणी शिल्लकच! हे काम क्वांगतुंग प्रांतातल्या भरतकामाच्या परंपरेतलं. त्याच प्रांताच्या कँटन बंदरातून एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापाऱ्यांनी मुंबईत आणलेल्या भरतकामातून गारा साडी आकाराला आली. 2017 मध्ये हाँगकाँगने क्वान-क्वा शिवण्याचं कसब आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

शिउहफूचा जन्म मात्र 2001 चा. ली शाओहुंग यांनी दिग्दर्शित केलेल्या एका मालिकेत चौ श्वुन या अभिनेत्रीने शिउह नावाची तरुणी साकारली. वेशभूषाकार टिम यिप यांनी छिंगच्या अखेरच्या काळातल्या बायकांच्या पोशाखावरून तिचे कपडे घडवले. लग्नाच्या बाजाराने ते उचलले आणि पात्राचंच नाव दिलं. ढगळ कापामुळे कोणत्याही बांध्याला जमतो आणि बसून, गुडघे टेकून थोरांना चहा देताना अडचण होत नाही. क्वान-क्वा जड आणि ताठ, छीपाओ घट्ट. म्हणून अनेकजणी सकाळी शिउहफू, मुख्य समारंभाला पांढरा गाउन आणि जेवणाच्या वेळी टेबलांमधून फिरताना छीपाओ घालतात.

वराचा विचार दुकानात शेवटी होतो आणि घोटाळा तिथेच होतो. त्याला सहसा मा-ग्वा किंवा त्यावर बेतलेला 'थांगच्वांग' देतात. या थांगच्वांगचा थांग घराण्याशी संबंध नाही. ऑक्टोबर 2001 मध्ये शांघायला भरलेल्या एपेक या आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक परिषदेत राष्ट्रप्रमुखांना अशी रेशमी जाकिटं घातली गेली आणि ती देशभर खपली. मा-ग्वा हे मुळात मांचूंचं घोडेस्वारीचं जाकीट. शिउहफू किंवा क्वान-क्वाशेजारी ते शोभतं, कारण दोन्ही छिंग वळणाची. पण वधूने मिंग मुकुट चढवला आणि वर मा-ग्वात आला, तर मिंगांच्या गादीवर बसलेल्यांचाच वेश तिच्या शेजारी उभा राहतो. मांचूंच्या आधीचा हान पोशाख पुन्हा आणू पाहणाऱ्या, 2003 पासून वाढलेल्या हानफू चळवळीतली मंडळी यावर हमखास बोट ठेवतात आणि वरालाही गोल गळ्याचा लाल झगा आणि पंखांची टोपी घ्यायला लावतात. नवव्या श्रेणीचा हिरवा झगा मात्र त्यांच्यातही फारसा कुणी मागत नाही.