लग्नानंतर व्हेलची काळजी : ग्राहकांसाठी माहिती

नाताळ झाला की वसईत लग्नांची धांदल सुरू होते, ईस्टरनंतर पुन्हा तेच. लग्न उरकलं की गाऊन आमच्याकडे धुवायला येतो. व्हेल, म्हणजे नवरीच्या डोक्यावरून सोडलेली जाळी, मात्र पुष्कळदा घरीच राहते, कारण ती मळलेली दिसत नाही. पुढे धाकट्या बहिणीचं लग्न ठरतं किंवा मुलीचं पहिलं कम्युनियन (चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा विधी) येतं, तेव्हा पिशवी उघडली जाते आणि पांढऱ्या जाळीवर तपकिरी ठिपके दिसतात. हे ठिपके लग्नाच्याच दिवशी पडलेले असतात. म्हणून डाग दिसो वा न दिसो, व्हेल पंधरा दिवसांच्या आत आणून द्या.

न दिसणारे डाग

टोस्टच्या वेळी उडालेली वाइन, सॉफ्ट ड्रिंकचे थेंब, केक भरवताना लागलेलं आयसिंग. साखरेचं पाणी वाळलं की नजरेला काहीच दिसत नाही. पण हवा आणि उष्णता लागून तीच साखर हळूहळू पिवळी पडते, मग तपकिरी होते. नुसत्या ड्रायक्लीनने लिपस्टिक आणि फाउंडेशनसारखे तेलकट डाग जातात, पण साखर त्या द्रावणात विरघळत नाही. तिला पाणीच लागतं. घामाच्या क्षारांचंही तसंच. त्यामुळे ‘ड्रायक्लीन करून ठेवली होती, तरी डाग आले’ असं कुणी सांगितलं, तर आम्हाला नवल वाटत नाही.

हल्लीच्या बहुतेक व्हेल नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या जाळीच्या असतात. अशी साधी जाळी आम्ही कोमट पाण्यात, सौम्य साबणात हाताने धुतो. चोळत नाही, पिळत नाही. चर्चच्या आवारात लोळून मळलेला काठ वेगळा भिजवावा लागतो. आजीच्या वेळची रेशमी जाळी किंवा हातची लेस असेल तर आम्ही ती जाळीच्या आधारावर पसरूनच पाण्यात घालतो, कारण ओलं जुनं रेशीम स्वतःच्याच वजनाने फाटतं.

मण्यांकडे नीट बघा. शिवलेले मणी टिकतात. गोंदाने चिकटवलेले मणी ड्रायक्लीनच्या द्रावणात सुटू शकतात, आणि काही प्लास्टिकचे मणी तर चक्क विरघळतात. म्हणून काम हाती घेण्याआधी आम्ही एखाददुसरा मणी तपासून तुम्हाला स्पष्ट सांगतो.

घरी ब्लीच मात्र कृपा करून वापरू नका. त्याने नायलॉन पिवळं पडतं आणि रेशीम कायमचं खराब होतं. गरम इस्त्रीखाली जाळी आक्रसते, वितळते. सुरकुत्या काढायच्या तर लांबून वाफ द्यावी.

ठेवायची कशी

प्लास्टिकच्या पिशवीत नको. काही प्लास्टिकमध्ये घातलेल्या रसायनांमुळेच पांढरं कापड पिवळं पडतं. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात आतला दमटपणा बाहेर पडत नाही आणि बुरशी धरते. वर्तमानपत्राचा कागद आणि उघडं लाकूडही टाळा, त्यांतल्या आम्लाचा डाग उतरतो. दोनतीनदा धुऊन कांजी पूर्ण काढलेला मांजरपाट सगळ्यांत चांगला. व्हेल त्यात गुंडाळा, घडीच्या आत मऊ कापडाची सुरळी घाला, म्हणजे पक्की मोड पडणार नाही. व्हेललाही कांजी नको, कसर तिच्यावरच येते. डांबरगोळ्यांच्या वाफेने काही प्लास्टिकचे मणी चिकट होतात, तेव्हा त्याही नकोत. व्हेल केसांत खोचायचा धातूचा कंगवा आधी उसवून घ्या, नाहीतर गंजाचा डाग पडेल.

पावसाळा संपून हवा कोरडी झाली की वर्षातून एकदा व्हेल उघडा, सावलीत वारा द्या आणि वेगळ्या ठिकाणी घडी घाला. जपलेली लेस फार वर्षं टिकते. राणी व्हिक्टोरियाने १८४० साली लग्नात घातलेली हॉनिटन लेसची (इंग्लंडमधल्या हॉनिटनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेसची) व्हेल १९०१ मध्ये तिच्यासोबत पुरली गेली. तुमच्या घरातली व्हेलही दोन पिढ्या सहज वापरता येईल, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणून देताना

कुठे काय सांडलं ते आठवत असेल तर तेवढ्या जागी पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घाला. पिन टोचू नका. सुटलेले मणी पुडीत बांधून सोबत द्या. डाग काढायला घरी काही लावलं असेल तर तेही सांगा, कारण त्यावरून आम्ही आधी काय वापरायचं ते ठरवतो. जुने तपकिरी डाग पूर्ण जातीलच अशी हमी आम्ही देत नाही. किती फिके होतील ते व्हेल बघून सांगू, आणि तुमचा होकार मिळाल्यावरच ती पाण्यात घालू.